स्त्रीराज्यातील अव्वल कारकून

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या मनुष्यास आपल्या घरी दिवसाढवळ्या स्वस्थ बसून राहण्याचा हक्क आहे, अशी माझी उभ्या हयातीची समजूत होती. परंतु महसूल खात्याच्या दफ्तरातून सन्मानपूर्वक मुक्त होऊन मी घरी आलो, त्यानंतर थोड्याच काळात आमच्या सौभाग्यवतींनी या हक्कास हरकत घेतली आणि भाज्यांची वर्गवारी, दूधवाल्याचा हिशेब व डाळींच्या डब्यांवरील अनुक्रमांक या तिन्ही बाबींत मी केलेला हस्तक्षेप पुराव्यादाखल पुढे मांडून, "तुम्ही आता कुठेतरी काहीतरी शिकायला जा," असा हुकूम फर्मावला. तोंडी हुकमावर अपील चालत नाही, हे ज्ञान नोकरीतच झालेले असल्यामुळे मी निमूटपणे इंग्रजी वाङ्मयाच्या एम. ए.चा अर्ज भरला. आणि ज्या खिडकीच्या आतल्या बाजूस बसून मी जन्मभर लोकांना 'कागद अपुरे आहेत' असे सांगितले, तसल्याच एका खिडकीच्या बाहेरच्या बाजूस उभा राहून तेच वाक्य ऐकण्याचे पुण्य पदरी पाडून घेतले.

ऐच्छिक विषयांपैकी भाषाविज्ञान होते ते सकाळी सातला, नाट्यवाङ्मयाच्या जागा भरलेल्या, आणि उरला तो 'स्त्रियांनी कल्पिलेली आदर्श राज्ये' हा सेमिनार. मी तो आनंदाने पत्करला. लहानपणी आजीच्या शेजारी बसून नवनाथांची पोथी ऐकलेल्या माणसास स्त्रीराज्य अपरिचित नसते. खुद्द मच्छिंद्रनाथासारखा गुरू जेथे जाऊन रमला आणि गोरक्षनाथासारख्या शिष्यास जेथून मृदंगाच्या बोलांतून हाका घालून त्याला बाहेर काढावे लागले, त्या राज्याचा अभ्यास पदव्युत्तर पातळीवर अवश्य व्हावा, असे माझे प्रामाणिक मत होते. पहिल्याच तासाला मॅडमनी विषयाची व्याप्ती सांगितली तेव्हा कळले की, या अभ्यासक्रमात मच्छिंद्रनाथ नाहीत; तेथे गेली सहाशे वर्षे निरनिराळ्या देशांतल्या बायका पुरुषांना वगळून, कोंडून किंवा निदान गप्प बसवून आपापली राज्ये थाटीत आलेल्या आहेत. वर्गातल्या आम्ही तीन पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले आणि जरा सरकून जवळ बसलो.

आदर्श राज्याची चर्चा रांगांत बसून करता येत नाही, असा मॅडमचा सिद्धान्त होता. रांगेत पहिला आला की शेवटचाही आलाच, आणि तेथे समता संपली. सबब वर्गातले सर्व बाक वर्तुळाकार मांडावयाचे ठरले. हे बाक लोखंडी चौकटीचे, अवजड, आणि बहुधा संस्थेच्या स्थापनेपासून एकाच जागी ठाण मांडून बसलेले असावेत. आम्ही तिघांनी पुढे सरसावून बाक उचलले, तोच एक चष्मेवाली विद्यार्थिनी म्हणाली, "काका, बाक उचलणं हे पुरुषांचंच काम असं कोणी ठरवलं?"

"कोणीच नाही," असे म्हणून आम्ही बाक खाली ठेवले.

मग बाक उचलण्याचा हक्क सर्वांस समान आहे, हे तत्त्व एकमताने मान्य झाले; आणि तत्त्व मान्य झाल्याचे समाधान इतके गाढ होते की, प्रत्यक्ष बाक उचलण्याचे कोणाच्या ध्यानातच राहिले नाही. अखेर बार्शीकडचा एक सडपातळ मुलगा आणि मी, अशा दोघांनी त्या लोखंडी समतेची प्रतिष्ठापना केली. तास संपताच वर्तुळ आपोआप रिकामे झाले, आणि पुढच्या तासाचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक दारातून म्हणाले, "तुमचं राज्य आटोपलं असेल, तर आमच्या रांगा परत करा." हा विधी त्यानंतर दर आठवड्यास यथासांग पार पडत गेला.

परंतु समतेची खरी कसोटी लागली ती चहाच्या कपांवर. सेमिनार लांबलचक, मध्ये चहा आवश्यक, कागदी कप पर्यावरणास घातक म्हणून वर्ज्य, आणि विभागाचे चिनी मातीचे कप मावशी धूत असत. मॅडम एके दिवशी गंभीर होऊन म्हणाल्या, "आपण इथे बायकांच्या मुक्तीवर बोलायचं आणि आपले कप एका बाईनं धुवायचे, हे शोभत नाही." सर्वांनी माना खाली घातल्या. कारकुनी अनुभवाच्या जोरावर पाळीपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ते मी तीन प्रतींत, तारीख, नाव, सही व शेरा या रकान्यांसह सिद्ध केले. एक प्रत फलकावर, एक दफ्तरी, आणि एक मावशींस माहितीसाठी. पहिल्या पाळीचा मानकरी त्या दिवशी गैरहजर राहिला. दुसरीने पाळीची अदलाबदल केली, परंतु ज्याच्याशी केली त्यास कळवावयाचे राहून गेले. तिसऱ्याने कप विसळले खरे, पण नळास पाणी नसल्यामुळे ते उरलेल्या चहानेच विसळले, असा त्याचा लेखी खुलासा दफ्तरी सामील आहे. कप मात्र दर आठवड्यास स्वच्छ असत.

"मावशी, तुम्ही कशाला धुता? पाळ्या लावल्यात ना!" मी विचारले.

"लावल्यात की, सायेब. कागद लई झाक झालाय," मावशी म्हणाल्या, "पन कपास्नी वाचता येत न्हाई."

त्या दिवसापासून मला एक खोड जडली. वर्गातील इतर मंडळी एखाद्या आदर्श राज्यात शिरली की तेथील धर्म, न्याय आणि स्वातंत्र्य यांची विचारपूस करीत. मी आधी मोरीकडे जाऊन उष्टी भांडी कोण घासतो ते पाहू लागलो.

आरंभ झाला फ्रान्समधल्या क्रिस्तीन द पिझान या विदुषीपासून. या बाईने १४०५ मध्ये स्त्रियांची एक नगरीच पुस्तकात बांधून काढली. मॅथिओलस नावाच्या एका गृहस्थाने बायकांची निंदा केलेला ग्रंथ तिच्या हाती येतो, तो वाचून ती खिन्न होते, आणि मग विवेक, सदाचार व न्याय अशा तीन देवता प्रकट होऊन तिला थोर स्त्रियांच्या चरित्रांचे दगड रचून तटबंदी उभारावयास सांगतात. सगळे भव्य आहे. परंतु मी पाहिले ते असे की, तिने तो निंदाग्रंथ उघडला न उघडला तोच आईने जेवावयास हाक मारली, आणि ग्रंथ दुसऱ्या दिवसावर गेला.

"मॅडम, त्या रात्री पानं कोणी वाढली आणि कोणी उचलली?" मी विचारले.

"काका, मुद्दा न्यायाचा आहे."

"माझाही तोच आहे, मॅडम."

तुलनेसाठी म्हणून पुरुषांनी वसविलेले एक राज्यही वाचावयास दिले होते. पुढे इंग्लंडच्या राजाचा चॅन्सेलर झालेल्या थॉमस मूर याने १५१६ साली आपल्या बेटावर कामाचे तास सहा केले, खासगी मालमत्ता मोडीत काढली, जेवणे पंक्तीत ठेवली, आणि स्वयंपाकासाठी घरोघरच्या बायकांच्या पाळ्या लावल्या. म्हणजे पाळीपत्रक त्यानेही काढले होते. पुरुषांच्या नावांचा रकाना आखावयाचे तेवढे राहून गेले. इतक्या मोठ्या कायदेपंडिताकडून एवढीशी चूक व्हावी, याचे वर्गातील मुलींस आश्चर्य वाटले. मला वाटले नाही. मसुदा करणारा मनुष्य स्वतःस जाच होईल असे कलम सहसा घालीत नाही, हे कोणताही कारकून सांगेल.

यानंतर बंगालच्या रोकेया सखावत हुसेन या बाईंचे 'सुलतानाज ड्रीम' आले, आणि माझी झोप उडाली. ही छोटीशी इंग्रजी कथा मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये १९०५ साली छापली गेली. तीत बायका राज्य करतात आणि पुरुष 'मर्दान्यात' राहून मुले सांभाळतात व रांधतात. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, म्हणून धूर नाही. विमानासारख्या गाड्या आकाशातून हिंडतात. साथीचे रोग नाहीत, डास चावत नाहीत, आणि एकवीस वर्षांच्या आत मुलीचे लग्न होत नाही. शत्रू चालून आला तेव्हा पुरुषांचे सैन्य हरले, आणि मग विद्यापीठाच्या प्राचार्यबाई दोन हजार विद्यार्थिनींसह रणांगणी गेल्या व त्यांनी साठविलेल्या सूर्यकिरणांचा झोत शत्रूवर सोडून त्याला पळवून लावले. एका हाकेसरशी दोन हजार विद्यार्थिनी हजर, हा या कथेतील सर्वांत अद्भुत भाग आहे, असे आमच्या मॅडमचे हजेरीपट चाळताना मत पडले.

परंतु माझी झोप उडाली ती दुसऱ्याच कारणाने. या राज्यात बायका कचेरीचे काम दोन तासांत उरकतात. पुरुषांस त्यास सात तास का लागत, याचा हिशेब भगिनी सारा या पात्राने दिला आहे: एक चिरूट संपावयास अर्धा तास, दिवसाला चिरूट बारा, म्हणजे सहा तास नुसते धुरात गेले. मी हयातीत अनेक लेखापरीक्षकांस तोंड दिले. परंतु इतका नेमका, इतका निरुत्तर करणारा आक्षेप कोणीही काढला नव्हता. मग कळले की, रोकेयाबाईंचे यजमान भागलपुरास डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. म्हणजे बाई आमच्याच खात्याच्या शेजारच्या! घरात बसून त्यांनी कचेरीचा संपूर्ण पंचनामा केला होता. आणि पराभवानंतर घरात बसविलेले पोलीस कमिशनर व जिल्हा मॅजिस्ट्रेट जेव्हा राणीस अर्ज करतात की, हरले ते लष्करी अधिकारी, आमच्याकडून कामात कसूर झालेली नाही, तरी आम्हांस पूर्वपदी रुजू करून घ्यावे, तेव्हा राणी त्यांना परिपत्रक पाठविते की, गरज भासल्यास आपणांस बोलावण्यात येईल, तूर्त आहात तेथेच राहावे. हे परिपत्रक वाचून मला गहिवरून आले. असल्या आशयाची पत्रे मी स्वतः शेकड्यांनी रवाना केली होती. त्यांत साहित्यगुण असल्याचे कोणी मला सांगितले नव्हते.

कथेची झेरॉक्स प्रत मी घरी जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. आमच्या सौभाग्यवती निवृत्त शिक्षिका असल्यामुळे हाती आलेला कागद तांबड्या शाईने तपासल्याखेरीज सोडीत नाहीत. संध्याकाळी लसूण सोलता सोलता त्यांनी विचारले, "अहो, यात बारा चिरूट लिहिलेत. तुमच्या कचेरीत चहाचे कप किती व्हायचे?"

"त्या काळी कामाचा व्याप असा होता की..."

"मी कप विचारले, व्याप नाही."

विषयांतर करावे म्हणून मी म्हणालो, "पण राज्य छान आहे की नाही? पुरुष सगळे घरात!"

"तीच तर चूक आहे त्या बाईंची," त्या म्हणाल्या. "पुरुष घरात म्हणजे दिवसभर घरातच की! दूधवाल्याशी हुज्जत, डब्यांवर नंबर. त्यांचे मिस्टर तेव्हा नोकरीत असणार."

यजमान नोकरीत होते, इतकेच नव्हे तर फिरतीवर गेले होते. घरात एकट्या असताना वेळ जावा म्हणून बाईंनी ही कथा लिहिली आणि परत आल्यावर यजमानांनी ती उभ्या उभ्याच वाचून, हा तर भयंकर सूड आहे, असा अभिप्राय दिला, ही हकीकत मी सांगताच सौभाग्यवतींनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "फिरतीवर गेलेला नवरा म्हणजे निम्मं आदर्श राज्य," त्या म्हणाल्या. "उरलेलं निम्मं त्यांनी कागदावर पुरं केलं." हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी सेमिनारमध्ये स्वतःचे म्हणून खपविले, आणि मॅडमनी ते वहीत टिपून घेतले.

पुढचे पुस्तक अमेरिकेतल्या शार्लट पर्किन्स गिलमन यांचे 'हरलँड'. या बाई 'फोररनर' नावाचे मासिक काढीत आणि त्यातला मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत एकट्याच लिहीत. १९१५ साली त्यात ही कादंबरी क्रमशः आली. तीत तीन तरुण पुरुष विमानातून एका डोंगराआडच्या देशात उतरतात, जेथे दोन हजार वर्षे पुरुष औषधालाही नाही. तिघांपैकी एकाची खात्री असते की, आपण उतरताच तेथील बायका आपणांस राजा करतील. प्रत्यक्षात शांत, धट्ट्याकट्ट्या, मुळीच न चिडणाऱ्या प्रौढ बायका येतात, त्यांना गराडा घालतात, गुंगीचे औषध देऊन निजवितात, आणि जागे झाल्यावर शाळेत बसविल्यागत त्यांची भाषेची शिकवणी सुरू करतात. हा मजकूर वाचताना वर्गातल्या आम्ही तिघांनी पुन्हा एकमेकांकडे पाहिले. आमची परिस्थिती याहून फारशी निराळी नव्हती.

"पण मॅडम, पुरुषच नाहीत तर मुलं कशी होतात?" बार्शीच्या मुलाने भाबडेपणाने विचारले.

वर्गात जी शांतता पसरली, ती मोडणे वडीलधारा या नात्याने मला प्राप्त होते. मी उठून सांगितले की, आमच्या पोथीतल्या स्त्रीराज्यात ती व्यवस्था मारुतीरायाच्या भुभुःकाराने होते आणि त्याच भुभुःकारामुळे तेथे पुरुषाचा टिकाव लागत नाही. गिलमनबाईंनी मारुतीही वगळला, एवढाच फरक. मॅडमनी हा तौलनिक अभ्यासाचा अत्यंत मोलाचा धागा असल्याचे सांगून त्यावर निबंध लिहिण्याचे काम तात्काळ माझ्याच गळ्यात घातले. सभेत न विचारता बोलणाऱ्याच्या वाट्यास काम येते, हा नियम खात्यात होता तसाच येथेही आहे.

मुलींना मात्र या कादंबरीतले निराळेच स्थळ भावले. त्या देशातल्या बायकांच्या कपड्यांना खिसे असतात, पुष्कळ, आणि हात सहज पोहोचेल अशा जागी. हे वाचताच चष्मेवालीने आपल्या कुर्त्याच्या बाजूस हात घालून दाखविला. तेथे खिशाचे तोंड शिवलेले होते, आत खिसा नव्हता. दुसरीच्या जीन्समध्ये मोबाइल अर्धा मावत होता, उरलेला बाहेर डोकावत होता. एकीने सांगितले की तिची आजी सुट्टे पैसे कनवटीला लावते, आणि ती सोय आजच्या सर्व शिंप्यांपेक्षा वरचढ आहे. तो सबंध तास न्याय, मातृत्व व समाजरचना बाजूस राहून खिशांवर गेला, आणि माझ्या मते सत्रातला तोच एक तास असा झाला की ज्यात सर्वांनी मूळ पुस्तक वाचलेले होते. मांजरांविषयी एक लहानसा वाद झाला तेवढाच: हरलँडमधल्या बायकांनी मांजरांची पैदास अशी सुधारली आहे की ती पक्षी मारीत नाहीत आणि रात्री ओरडत नाहीत. ज्यांच्या सोसायटीत मांजरे होती त्यांनी ही कादंबरी तत्काळ श्रेष्ठ ठरविली.

यादीतली सर्वांत जुनी इंग्रजी कादंबरी आम्ही सर्वांत शेवटी वाचली, कारण तिच्या झेरॉक्स प्रती वाटेत कोठेतरी गहाळ झाल्या होत्या. न्यूकॅसलच्या डचेस मार्गारेट कॅव्हेंडिश यांनी १६६६ साली 'ब्लेझिंग वर्ल्ड' नावाची एक अफाट दुनिया रचली. तीत एक तरुणी उत्तर ध्रुवापलीकडच्या दुसऱ्याच जगात जाऊन तेथली सम्राज्ञी होते, आणि तिच्या दरबारी अस्वलमानव दुर्बिणी घेऊन आकाश निरखतात, तर पोपटमानव वक्तृत्व गाजवितात. अस्वलमानवांचे दुर्बिणींवरून इतके तंटे लागतात की, सम्राज्ञी त्या फोडून टाकण्याचा हुकूम सोडते. तेव्हा ते गुडघे टेकून विनवितात की, दुर्बिणी काढून घेतल्यास आम्हांस वाद घालावयास काही उरणार नाही, आणि सगळेच सत्य उघड झाले तर पंडितांनी करावयाचे काय? यावर आमच्या वर्गात जो वाद झाला, तो दोन तास चालला. अस्वलमानव म्हणजे नक्की कोण, असा त्याचा विषय होता, आणि वादात हिरिरीने उतरलेल्यांपैकी एकासही उत्तर सुचले नाही.

अखेरीस माझ्या स्वतःच्या निबंधाचा दिवस उजाडला. मारुतीचा विषय मला पेलणारा नव्हता म्हणून मी मॅडमच्या परवानगीने काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' ही १९२८ सालची कादंबरी घेतली, आणि तीत मला माझे माहेर सापडले. काशीबाईंचे आदर्श राज्य ढगांत नाही, ध्रुवापलीकडे नाही. ते एक चक्क संस्थान आहे. मतिमंद राजपुत्राशी लग्न लागलेली नायिका राज्यकारभार हाती घेते आणि बायकांना शिक्षण व अधिकाराच्या जागा देते. दफ्तर असलेले स्त्रीराज्य पाहून माझी लेखणी मोकाट सुटली, नेमणुकांची कार्यपद्धती, ज्येष्ठतेचा क्रम आणि वतनदारांच्या संभाव्य हरकती यांवर मी इतके लिहिले की मॅडम म्हणाल्या, "काका, कादंबरीच्या आत्म्याकडेही थोडं वळा."

"वळलो असतो, मॅडम, पण त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात सापडेल?"

घरी कथानक सांगितले तर सौभाग्यवतींनी पुस्तकाकडे पाहिलेदेखील नाही. "म्हणजे नवरा नावापुरता आणि कारभार सगळा बायकोचा," त्या म्हणाल्या. "मग यात कल्पनेचं काय आहे?"

सत्राच्या शेवटी सर्व वर्गाने मिळून एका आदर्श राज्याची घटना लिहावी, असा उपक्रम होता. राज्याचे नाव ठरेना म्हणून त्यासाठी उपसमिती नेमली. उपसमितीच्या अध्यक्षपदावरून मतभेद झाले म्हणून अध्यक्षपद फिरते ठेवले. आणि फिरत्या अध्यक्षपदाची पाळी ज्याची असे तो नेमका त्या दिवशी येत नसे. तरीही घटना झाली. खिशांचा हक्क मूलभूत ठरला. कामाचे तास रोकेयाबाईंच्या शिफारशीनुसार दोन झाले. मांजरांचे कलम बहुमताने संमत झाले. आणि सरतेशेवटी चष्मेवालीने प्रस्ताव मांडला की, या राज्यात ज्याने चहा प्यायला त्यानेच आपला कप धुवावा, मग तो स्त्री असो, पुरुष असो वा प्राध्यापक असो. टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमचा कंठ दाटून आला. एकही विरोधी मत न पडता कलम संमत झाले आणि मी ते कार्यवृत्तात नोंदवून घेतले.

दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन मावशी उभ्या होत्या. त्यांनी वर्तुळाच्या मध्यावरल्या उष्ट्या कपांकडे पाहिले आणि विचारले, "ह्ये कदीपास्नं लागू म्हनायचं?"

संपूर्ण सत्रात हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. मंडळींना कँटीनमध्ये निरोपाचे वडे खावयास जावयाचे होते, आणि शिवाय, अंमलबजावणीची तारीख नसलेले कलम कायद्याने लुळे पडते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी उभा राहून एक दुरुस्ती सुचविली की, सदरहू कलम पुढील सत्रापासून अमलात यावे. आमच्या राज्याच्या अल्प इतिहासात तिच्याइतक्या तत्परतेने दुसरी कोणतीही सूचना मंजूर झालेली नाही.